मालमोटारीची शाळा

सकाळीं दारांत येणारें दूध, मंडईतली भाजी, स्वयंपाकाच्या गॅसचें नळकांडें, मुलांच्या वह्यांचा कागद, यांपैकीं जवळ जवळ प्रत्येक वस्तु रात्रीं कोणीतरी शेंकडों कोसांवरून मालमोटार हांकीत आपल्या गांवांत आणून टाकलेली असते. त्या माणसाचें तोंडहि आपण कधीं पाहत नाहीं. डॉक्टर कोठें शिकला हें आपण त्याच्या पाटीवर वाचतों, वकिलाची सनद भिंतीवर टांगलेली दिसते, आणि शिक्षकाला तर पदविकेचा कागद दाखविल्याशिवाय वर्गांत पाऊल टाकूं देत नाहींत. परंतु पंचवीस टन ओझें घेऊन घाट उतरणारा माणूस हें काम कोठें शिकला, त्याला तें कोणीं शिकविलें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. मीं आयुष्यभर मास्तरकी केली. त्यामुळें कोणताहि कसबी माणूस पाहिला कीं त्याची शाळा कोणती, हें विचारण्याची मला खोड जडली आहे. आजच्या भाषणांत मालमोटार हांकणाराच्या शाळेचा इतिहास श्रोत्यांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. मोटार हांकणाराला फ्रेंच लोक 'शोफर' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ आग पेटती ठेवणारा, भट्टीवाला. वाफेच्या यंत्रापाशीं उभा राहून कोळसा घालणारा जो माणूस, त्याचेंच नांव पुढें मोटारवाल्याला मिळालें. आपण मात्र 'हांकणें' हें बैलांचें क्रियापद मोटारीला लावलें. फ्रेंचांनीं या नव्या माणसाला यंत्रावरचा कामगार मानलें. आपण त्याला गाडीवान मानलें. हा फरक केवळ शब्दांचा आहे असें मला वाटत नाहीं. गाडीवानाला कोणी शाळेंत घालीत नाहीं. तो बापाच्या शेजारीं धुरेवर बसतो आणि एके दिवशीं कासरा आपसूक त्याच्या हातीं येतो. मोटार हांकणाराहि असाच तयार होईल असें आपण गृहीत धरलें, आणि तें गृहीत जवळ जवळ शंभर वर्षें टिकलें.

इंग्रजांनाहि या बाबतींत फार शहाणे म्हणतां येणार नाहीं. तेथें १९०३ च्या कायद्यानें परवाना सक्तीचा केला, पण पांच शिलिंग भरले कीं तो कोणालाहि मिळे, परीक्षा नव्हतीच. ती सक्तीची झाली १ जून १९३५ रोजीं. हिंदुस्थानांत सगळ्या देशाला लागू असा पहिला मोटार-कायदा १९१४ सालीं झाला. अठरा वर्षांखालील कोणीहि सार्वजनिक रस्त्यावर मोटार हांकूं नये आणि हांकणाराजवळ परवाना असावा, एवढें त्यानें ठरविलें. शिकवावें कोणीं, याविषयीं कायदा मूक होता. त्या काळीं मोटारी होत्याहि थोड्या आणि त्या बहुधा धनिकांच्या. पुष्कळ ठिकाणीं बग्गी हांकणारा कोचमनच मोटारीवर बसला.

पुढें भाड्यानें माल व उतारू नेणाऱ्या मोटारी वाढल्या. त्यांची आगगाडीशीं चुरस लागली, तेव्हां सरकारला जाग आली आणि १९३९ चा मोटारवाहन कायदा झाला. हा कायदा बराच तपशीलवार होता. भाडोत्री वाहन हांकणाराचें वय वीस वर्षांहून कमी नसावें, त्यानें वैद्यकीय दाखला आणावा, ठरलेल्या मुद्द्यांवर त्याची परीक्षा घ्यावी, हें त्यांत आलें. सलग पांच तास हांकल्यावर अर्धा तास विसांवा, दिवसांत नऊ तास आणि आठवड्यांत चौपन्न तास याहून अधिक काम नको, हेंहि आलें. म्हणजे अभ्यासक्रम छापला गेला, परीक्षक नेमला गेला, वेळापत्रकहि ठरलें. शाळा तेवढी कोठें नव्हती. एकाद्या खात्यानें मॅट्रिकची परीक्षा ठेवावी आणि जिल्ह्यांत एकहि हायस्कूल काढूं नये, अशांतला हा प्रकार होता.

शाळा निघाली ती युद्धामुळें. सप्टेंबर १९३९ मध्यें हिंदी सैन्याची संख्या सुमारें २ लाख होती, ती १९४५ पर्यंत २५ लाखांच्या घरांत गेली. या सैन्याला अन्न, पेट्रोल, दारूगोळा पोहोंचविण्याचें काम रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या दलाकडे होतें. १९३९ च्या अखेरीस याच दलाच्या खेंचरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या होत्या, आणि पुढील चार वर्षांत याच दलाला हजारों मालमोटारींचे चालक उभे करावे लागले. भरतीला येणारा तरुण बहुधा शेतकऱ्याचा मुलगा. नांगर, मोट, बैल हें त्याला ठाऊक. यंत्राला त्याचा हात कधीं लागलेला नसे. त्याच्याजवळ वेळ नव्हता आणि शिकविणारापाशींहि नव्हता.

शिक्षकाच्या दृष्टीनें हा प्रयोग मोठा बोधप्रद आहे. सैन्याची शिक्षणभाषा रोमन लिपींत लिहिलेली उर्दू होती. पठाण, मराठा, मद्रासी सर्वांनीं तीच शिकावी, म्हणजे पाटीवरच्या सूचना सर्वांना एकसारख्या वाचतां येतात. ज्याला घरीं कोणीं अक्षर शिकविलें नाहीं त्याला छावणींत अक्षरओळख मिळाली, ती क्लच आणि गिअर यांच्याबरोबर. गाडीची देखभाल ठराविक कामांत वांटून दिलेली असे. पाणी, तेल, बॅटरी, टायर, ब्रेक, ज्याचा त्याचा दिवस ठरलेला. मोडल्यावर दुरुस्त करणें ही गाडीवानाची रीत. मोडूं नये म्हणून रोज पाहणें ही यंत्रकाराची रीत. ही दुसरी रीत आमच्या खेड्यांतल्या हजारों मुलांना प्रथम छावणींत कळली. जाता जाता सांगतों, इंग्लंडची पुढें राणी झालेली एलिझाबेथ हिनेंहि १९४५ च्या आरंभीं ऑल्डरशॉट येथें सैन्याच्या मोटारी हांकण्याचें व दुरुस्त करण्याचें शिक्षण घेतलें. राजकन्येलाहि चाक बदलावयाला शिकविणारी शाळा युद्धानेंच काढली.

या शिक्षणाची कसोटी लागली ती आपल्या पूर्व सरहद्दीवर. दिमापूरहून कोहिमामार्गें इंफाळला जाणारा रस्ता डोंगरांतून वळणें घेत जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि पावसाळ्यांत सगळा चिखल. या एका रस्त्यावर एक सैन्य जगत होतें. १९४४ च्या वसंतांत जपान्यांनीं तो तोडला आणि इंफाळचा वेढा २२ जून १९४४ रोजीं उठला, तेव्हां पहिली निकड पुन्हां मालमोटारींचीच होती. त्याच सुमारास अमेरिकन सैन्य आसामांतील लेडोपासून ब्रह्मदेशांतून चीनकडे रस्ता बांधीत होतें. तो बांधणाऱ्यांत बहुसंख्य अमेरिकन सैनिक कृष्णवर्णीय होते, हें फारसें सांगितलें जात नाहीं. १२ जानेवारी १९४५ रोजीं लेडोहून निघालेला मोटारींचा पहिला तांडा ४ फेब्रुवारीस कुन्मिंगला पोहोंचला. अंतर १,०७९ मैल. वाटेंत लढाई चालू असल्यामुळें तांड्याला थांबावें लागलें, तरीहि ही मजल लहान नव्हे.

युद्ध संपलें, सैन्य मोडलें, आणि शाळाहि मोडली. तिचे विद्यार्थी मात्र बाहेर आले, आणि तिचीं उपकरणेंहि. सैन्यानें टाकलेल्या मालमोटारी 'डिस्पोझल'चा माल म्हणून विकल्या गेल्या. फाळणीनंतर पंजाबांतून उखडून आलेल्या अनेक कुटुंबांनीं हा धंदा हातीं घेतला. १९५४ पासून जमशेदपुरास टाटांचा कारखाना मर्सिडीझ-बेंझच्या मालमोटारी बांधूं लागला आणि रस्त्यावरची वाहतूक झपाट्यानें वाढली. मुंबई राज्यांत १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी पहिली सरकारी उतारू-मोटार सुटली. त्या संस्थेला, म्हणजे आपल्या एस्. टी.ला, आपल्या चालकांना पारखून व शिकवून घेणें भाग पडलें. पुण्याजवळ भोसरीस रस्ते-वाहतुकीची केंद्रीय संस्था १९६७ सालीं निघाली तीहि मुख्यतः अशा सरकारी वाहतूक-संस्थांसाठीं. उतारू बोलका असतो. गाडी वेडीवांकडी हांकली तर तो ओरडतो, वर्तमानपत्रांत पत्र लिहितो. पोत्यांतली साखर आणि लोखंडी सळया कांहीं बोलत नाहींत. त्यामुळें मालमोटारीवाल्याची शाळा काढण्याची निकड कोणालाच वाटली नाहीं.

मग तो शिकला कोठें? तो गाडींतच शिकला. या शाळेचें नांव क्लीनर. आपल्या खेड्यांत त्याला 'किन्नर' म्हणतात. बारा-चौदा वर्षांचा मुलगा घरची परिस्थिति पाहून किंवा घरांतून पळून एकाद्या ड्रायव्हरच्या पायाशीं येतो. त्याला तो 'उस्ताद' म्हणतो. पहिलें वर्षभर त्यानें गाडी धुवावयाची, कांच पुसावयाची, पाणी भरावयाचें, चहा आणावयाचा, ढाब्यावर सगळे झोपले कीं मालावर नजर ठेवून गाडीच्या टपावर निजावयाचें. नंतर त्याच्या हातीं लोखंडी सळई येते. ती प्रत्येक टायरवर मारून आवाजावरून हवा ओळखावयाची. जोडचाकांतलें आंतलें चाक बसलें तर बाहेरून डोळ्यांना दिसत नाहीं. तें कानाला कळतें. मग ताडपत्री ओढणें, दोरखंडाची गांठ मारणें, चढावर गाडी थांबली तर उडी मारून चाकाखालीं ठोकळा सारणें, अरुंद गल्लींत मागें उभें राहून "येऊं द्या, येऊं द्या" म्हणत उस्तादाचे डोळे होणें. चार-पांच वर्षांनीं एकाद्या मध्यरात्रीं, रस्ता मोकळा आणि गाडी रिकामी असतांना, उस्ताद म्हणतो, "बैस." परवाना नाहीं, वय नाहीं, कायद्यानें हा सरळ गुन्हा, परंतु या देशांतील बहुतेक मालमोटार-चालकांचा पहिला धडा असाच झाला.

या शाळेची थोरवी मी नाकारणार नाहीं. जुन्या मालमोटारींत गिअर सहज बसत नसे. क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून इंजिनाला वेग द्यावयाचा, पुन्हां क्लच दाबून खालचा गिअर घालावयाचा. हें सारें क्षणार्धांत, आणि तेंहि चढावर. फळ्यावर आकृति काढून हें समजावितां येतें, पण येतें तें हातालाच. घाट ज्या गिअरमध्यें चढावा त्याच गिअरमध्यें उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतें आणि ब्रेक तापत नाहींत, हा नियम हजारों उस्तादांनीं कानाखालीं आवाज काढून शिकविला. ब्रेक तापल्याचा वास, इंजिनाचा बदललेला सूर, ओझें एका अंगाला कलल्याची पाठीला होणारी जाणीव, हीं ज्ञानें कोणत्या पुस्तकांत आहेत?

परंतु उस्तादाचे गुण येतात तसे अवगुणहि येतात. डिझेल वांचावें म्हणून उतारावर गिअर मोकळा सोडण्याची जी खोड आहे, तिनें बोरघाटापासून कसाऱ्यापर्यंत किती संसार बुडविले याची गणतीच नाहीं. झोप येऊं नये म्हणून अफू, झोप यावी म्हणून दारू, हेंहि त्याच शाळेंत शिकतात. शिवाय या शाळेंत शिष्याला रजा नाहीं, पगार नांवाचा, आणि मार खाल्ला तर दाद मागावयाची कोणाकडे? मोटार-कामगारांसाठीं १९६१ सालीं केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, लांबच्या पल्ल्यासाठीं थोडी सवलत. टपावर निजणाऱ्या पोराला त्याचा पत्ता नव्हता.

आतां शासनानें काय केलें तें पाहूं. १९८८ चा नवा मोटारवाहन कायदा १९८९ पासून चालू झाला. मालमोटारीसाठीं वयाची अट वीस वर्षेंच राहिली. पुढें दुरुस्ती होऊन, आधीं हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हातीं असावा, असें ठरलें. परवाना मागणारानें मान्य शाळेचा दाखला आणावा, त्या शाळेंत निदान तीस दिवस शिक्षण व्हावें आणि त्यांत पंधरा तास तरी प्रत्यक्ष चाक हातीं असावें, असेंहि नियमांत आलें. शाळांच्या पाट्या शहरोशहरीं लागल्या. त्यांतील कित्येकांपाशीं मालमोटार अशी नव्हतीच. दाखल्यांचें पुस्तक तेवढें होतें. पंधरा तासांत घाट शिकवितां येतो असें मानणाऱ्यानें मुलाला पंधरा तासांत पोहावयाला शिकवून पहावें, आणि तेंहि कृष्णेच्या पुरांत.

याच नियमांत एक अट होती, तिच्याशीं माझा शिक्षक म्हणून संबंध आला. मालमोटारीचा परवाना मागणारा इयत्ता आठवी उत्तीर्ण असला पाहिजे. मी नोकरींत असतांना एके संध्याकाळीं शाळा सुटल्यावर तिशीचा एक गृहस्थ व्हरांड्यांत येऊन उभा राहिला. माझाच जुना विद्यार्थी. जनरल रजिस्टर काढून पाहिलें. पांचवींतून नांव कमी झालेलें, शेरा 'सतत गैरहजर'. बारा वर्षें तो मालमोटारीवर होता. गाडी त्याला चांगली हांकतां येत होती, मालक चाक द्यावयाला तयार होता, अडलें होतें तें आठवीच्या कागदावर. मीं त्याला बाहेरून परीक्षेस बसण्याचा मार्ग सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मला घाट उतरतां येतो, अपूर्णांक येत नाहींत." खोटा दाखला मी देणार नव्हतों आणि त्यानें तो स्पष्ट शब्दांत मागितलाहि नाहीं. पुढें त्याच्या धाकट्या भावाकडून कळलें कीं दिवसां नाक्यांवरून परवानेवाला दुसराच इसम गाडी नेई आणि रात्रीं, सगळा अवघड रस्ता, हा हांकी. पगार मात्र क्लीनरचा.

ही अट वाईट हेतूनें घातली होती असें मी म्हणत नाहीं. रस्त्यावरच्या पाट्या वाचतां याव्यात, मालाचे कागद समजावेत, हें योग्यच आहे. परंतु त्याच नियमावलींतील शेजारचा नियम पहा. स्फोटक, ज्वालाग्राही किंवा विषारी माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितां-वाचतां आली पाहिजे आणि त्यानें त्या मालाविषयींचा स्वतंत्र अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे, असें नववा नियम सांगतो. तेथें विचारलें आहे, तुला येतें काय? आठव्या नियमानें विचारलें, तुझ्यापाशीं कागद आहे काय? माणसाला परीक्षा देतां येते. गेलेलें बालपण परत आणतां येत नाहीं. हरियाणा सरकारनें मेवात भागांतील तरुणांसाठीं या अटींतून सूट मागितली, तेव्हां केंद्रानें हा प्रश्न हातीं घेतला आणि २०१९ सालीं ती अट सर्वांसाठींच काढून टाकली. त्या वेळीं देशांत सुमारें २२ लाख चालकांची उणीव असल्याचें शासनानेंच सांगितलें. अट काढतांना शिक्षण व कसोटी अधिक कडक करूं, असेंहि आश्वासन होतें.

त्या आश्वासनाचें एक फळ म्हणजे १ जुलै २०२१ पासून लागू झालेले मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांचे नियम. जड वाहनासाठीं सहा आठवड्यांत अडतीस तासांचें शिक्षण, कांहीं वर्गांत व कांहीं चाकावर. शिक्षणासाठीं आंखलेला स्वतंत्र मार्ग. रस्त्याचा आभास निर्माण करणारें यंत्र. कागदावर तरी ही खरीखुरी शाळा आहे. एक गोष्ट मात्र माझ्या मास्तरी डोळ्यांना खुपते. या केंद्रांतून उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन-कार्यालयांत पुन्हां हांकण्याची परीक्षा द्यावी लागत नाहीं. पूर्वीं सरकारी परीक्षा होती, शाळा नव्हती. आतां शाळा निघाली तर सरकारी परीक्षा गेली. ज्या शाळेची फी विद्यार्थी भरतो त्याच शाळेनें त्याला उत्तीर्ण ठरवावयाचें, ही व्यवस्था आम्हीं शिक्षणखात्यांत निरनिराळ्या नांवांनीं पाहिलेली आहे, आणि तिचे निकाल नेहमीं फार चांगले लागतात.

इकडे जुनी शाळा बंद पडत चालली आहे. कळंबोली किंवा वडाळा येथें मालमोटारींच्या तळावर जाऊन पहा. पुष्कळ गाड्यांवर क्लीनर आतां नसतोच. भाडें परवडत नाहीं, दुसऱ्या माणसाचा खर्च कोण करणार? मागें पाहावयाला कॅमेरा आला, चाक हलकें झालें, नव्या गाड्यांत गिअर पूर्वीसारखा भांडत नाहीं. पोरानें टपावर निजूं नये, मार खाऊं नये, शाळेंत जावें, हें तर मी जन्मभर सांगत आलों. तो तेथून सुटला याचें मला सुखच आहे. पण उस्तादाच्या शेजारची ती जागा रिकामी झाल्यावर पंचवीस टनांचा घाट नव्या मुलाला कोण दाखविणार, हें अजून ठरलेलें नाहीं. उस्ताद छळत असे, पण शिष्याला जेवूं घाली. नव्या केंद्रांत छळ नाहीं, फी आहे. आणि विशीचा जो मुलगा मालमोटारीकडे वळतो तो बहुधा अशा घरचा असतो, कीं हे सहा आठवडे मजुरी बुडवून घरीं काय पाठवावयाचें, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.